भाऊंची दाढ

बाई, आज आपल्या लोणंदच्या भाऊंना सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं. पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन झालं, आता ठीक आहेत. वाटेत उंब्रजला चहाला थांबलो तर त्यांनी आपला कप आपल्या हातानं धरला आणि वर माझ्या बशीतलं बिस्कीटही उचललं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. निवासाच्या फाटकाशी गाडी वळली तसं पुढची सीट दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो त्यांचा ‘हॅ हॅ’ आवाज काढला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण तो आवाज तुम्ही लगेच ओळखला असता. सगळे त्यांच्याभोवती जमले आणि मी ऑफिसात येऊन हा कागद पुढ्यात घेतला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, ‘‘यांना बोलता येत नाही, मग पोटात दुखतंय हे तुम्ही ओळखलं कसं?’’ मी म्हणालो, ‘‘आमच्या बाईंनी शिकवलंय.’’ त्यांचं तेवढ्यावर समाधान झालं. माझं झालं नाही.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो होतो. बेचाळीस वर्षांचा होतो, आणि घरी बसून कंटाळलो होतो. ऊस बघायला थोरला भाऊ होता, माझी तिथं गरज नव्हती. तुम्ही शाळेतली नोकरी संपवून रहिमतपूरजवळ मतिमंद माणसांसाठी हा निवास चालवत होता आणि तुम्हाला पुरुषांच्या बाजूला एक धडधाकट माणूस हवा होता. पहिल्या दिवशी मी विचारलं, ‘‘बाई, मुलं किती हायत?’’ तुम्ही तांदूळ निवडत होता. मान वर न करता म्हणालात, ‘‘मुलं एकही नाही. वीस माणसं आहेत. सगळ्यांत लहान आहे ती सव्वीस वर्षांची आणि त्या खिडकीजवळच्या काकू साठीच्या. बुद्धी कमी असली म्हणून वय कमी होत नाही, हवालदार.’’ तेव्हापासून मी दादा, काका, अक्का म्हणायला लागलो. तोंडानं म्हणत होतो एवढंच. मनात मुलंच होती.

आठवडाभरात मी फौजेची शिस्त लावली. सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्या पुरुषांना अंगणात रांगेत उभं करायचो, नळाला पाइप लावायचो, अर्ध्या तासात सगळ्यांच्या अंघोळी. मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही व्हरांड्यात उभ्या राहून सगळं बघितलंत आणि मला बाजूला बोलावलंत. ‘‘तुम्ही घरी कुणाच्या रांगेत उभं राहून अंघोळ करता?’’ मी म्हणालो, ‘‘आवं बाई, पण लवकर उरकतंय.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘उरकून त्यांना कुठं जायचंय?’’ दुसऱ्या दिवसापासून न्हाणीचं दार लावून एकेकाची अंघोळ सुरू झाली. गरम पाणी की कोमट, आधी डोकं की आधी पाय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सकाळचे तीन तास त्यात जाऊ लागले आणि मी मनातल्या मनात चरफडत राहिलो.

जेवणाची गोष्ट तर मी अजून नव्या माणसांना सांगतो. एक काका होते, त्यांचे हात थरथरायचे, त्यांना भरवावं लागायचं. मी भरवत होतो, आणि भरवता भरवता स्वयंपाकाच्या मावशींशी कराडच्या बाजाराच्या गप्पा मारत होतो. तुम्ही मला त्या काकांच्या शेजारी बसवलंत, हात मागं ठेवायला लावलेत आणि मावशींशी बोलत बोलत मला आमटीभात भरवायला लागलात. एक घास गिळतोय तोवर दुसरा चमचा ओठाला लागलेला. माझ्याकडे तुम्ही बघतसुद्धा नव्हता. तिसऱ्या घासाला मला ठसका लागला, आमटी नाकात गेली. काका हसले. तुम्ही चमचा खाली ठेवलात आणि पोळ्या लाटायला निघून गेलात. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी परत जेवलोच नाही.

आणि मग भाऊंचं ते प्रकरण. भाऊ तेव्हा पस्तिशीचे. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अचानक ताटं फेकायला लागले. स्वतःच्या गालावर मुठी मारून घ्यायचे, भिंतीला डोकं घासायचे. एका दुपारी तुम्ही कामासाठी साताऱ्याला गेला होता आणि भाऊंनी पातेलं उचलून भिरकावलं, ते काकूंच्या पायाजवळ पडलं. मी त्यांना मागून कवेत धरलं, उचलून मागच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. चार तास. ते दार वाजवत होते. मग वाजवायचे थांबले. मी स्वयंपाकघरात येऊन मावशींना म्हणालो, ‘‘बघा, झालं का न्हाई शांत?’’ ते वाक्य माझ्या तोंडून निघालंय, बाई, हे मला आज लिहितानाही सोसत नाही.

तुम्ही आलात, मी काय केलं ते मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुम्ही चपलासुद्धा न काढता मागं गेलात. भाऊ कोपऱ्यात बसले होते, शर्ट लाळेनं भिजला होता. तुम्ही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलात आणि मला विचारलंत, ‘‘कोंडण्याआधी तुम्ही त्यांना काय विचारलंत?’’

‘‘त्यांना बोलता कुठं येतंय, बाई?’’

‘‘चार दिवस बोलतायत ते. ताट फेकून सांगतायत, गाल बडवून सांगतायत. ते एकाच बाजूनं चावतायत हे दिसलं नाही तुम्हाला?’’ मग म्हणालात, ‘‘मलाही आज सकाळच्या न्याहारीला दिसलं. चार दिवस उशिरा. तेव्हा एकट्या तुमचीच चूक नाही.’’

त्या शेवटच्या वाक्यानं मी खरा खचलो. तुम्ही ओरडला असता तर मी सामान बांधून गावी गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेलो. पहिल्या दातांच्या डॉक्टरांनी भाऊंना बघून दारातूनच सांगितलं, असे पेशंट आम्ही घेत नाही, झोपेचं औषध द्या. तुम्ही वाद घातला नाहीत. विचारत विचारत दुसरा दवाखाना गाठलात. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी भाऊंना आधी नुसतं खुर्चीत बसवलं, खुर्ची वर-खाली करून दाखवली, आरसा हातात दिला. भाऊ दोनदा उठून बाहेर गेले. दोनदा तुम्ही त्यांच्यामागं जाऊन पायरीवर बसलात. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंड उघडलं. मागची दाढ मुळापर्यंत किडली होती, खाली पू झाला होता. इंजेक्शन देताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की अंगठा सुजला. आदल्या दिवशी ज्यानं कोंडलं त्याचाच हात धरला त्यांनी. दोन दिवसांनी भाऊ दोन वाट्या भात जेवले. भिंतीला डोकं घासणं कायमचं थांबलं.

मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, ‘‘आता लोणंदला जायचं. त्यांच्या बहिणीला सांगायचं.’’ मी म्हणालो, दाढ काढल्याचं फोनवर सांगू की. ‘‘दाढेचं नाही. कोंडल्याचं. आणि ते तुम्ही सांगायचं.’’ एसटीत सगळ्या वाटेनं मी वाक्यं जुळवत होतो. त्यांच्या घरी पोहोचल्यावर सगळी विसरलो. म्हणालो, ‘‘अक्का, मी तुमच्या भावाला चार तास कोंडून ठेवलं. त्याची दाढ दुखत होती. मला कळलं न्हाई.’’ त्या चुलीजवळ उभ्या होत्या. मला वाटलं, आता शिव्या देणार, भावाला घेऊन जाणार. त्या पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, ‘‘आमी बी कोंडलाय त्याला. माझ्या लग्नाचं पाव्हणं आलं तवा. दिवसभर. आजपतूर कुणी मला इचारलं न्हाई आन् मी कुणाला सांगितलं न्हाई.’’ मग त्या रडल्या, आणि तुम्ही उठून त्यांच्या चहाचं आधण उतरवलंत.

परत येताना तुम्ही लोणंदच्या स्टँडवर पेरू घेतलात, अर्धा मला दिलात. त्या दिवसापासून मी तुमच्याकडे नोकरी करायचं सोडून तुमच्याकडे शिकायला लागलो, असं मला वाटतं. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कुणाला शर्टाची कॉलर टोचते, कोण घाबरल्यावर हसतं, हे मी वहीत नाही, डोक्यात ठेवायला लागलो. म्हणून गेल्या आठवड्यात भाऊ पायरीवर वाकून बसले, जेवणाची वेळ टळली तरी उठेनात आणि नवीन लागलेला कर्मचारी म्हणाला, ‘‘हट्टाला पेटलेत,’’ तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी माझा हात घेऊन आपल्या बरगडीखाली ठेवला. बाई, त्यांनी स्वतःहून ठेवला. सांगलीत एक डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटला ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्यांवर ठेवू. मी म्हणालो, तुमचे वडील असते तर काय केलं असतं ते करा. आवाज चढवला नाही. ते तयार होईपर्यंत तसाच उभा राहिलो. तुमच्यासारखा.

आता निवासात तीस माणसं आहेत. लोक बघायला येतात, फरश्या बघतात, पलंग मोजतात, छान आहे म्हणतात. मला विचारतात, तुम्ही फौजेतले, हे काम कसं जमतं? मी तुमचं नाव सांगतो. तुमच्यामुळं मी कुणाच्या उपयोगाचा माणूस झालो. फौजेत मला मान मिळाला, पण रोज सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख तुम्ही दिलंत.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला माहीत नाही. तुमच्या फोटोपुढं ठेवलं तर कुणीतरी वाचेल, म्हणून घडी करून माझ्याच ट्रंकेत ठेवणार आहे. एक मात्र लिहून टाकतो. तुमच्या अंत्यविधीला मी आलो नाही. सगळ्यांना तुमचं शेवटचं दर्शन घडवायचं, काही लपवायचं नाही, असं तुम्हीच बजावून ठेवलं होतं, म्हणून गाडी करून सगळे गेले. भाऊ गाडीत बसायला तयार होईनात, कुणीतरी मागं राहायला हवं होतं. मी लगेच हात वर केला. लोक अजून म्हणतात, हवालदार कर्तव्याला पक्का, बाईंच्या दिवशीसुद्धा जागा सोडली नाही. कर्तव्य वगैरे काही नव्हतं, बाई. तुम्हाला तसं बघायची माझी छाती झाली नाही. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात तोंडात टॉवेल कोंबून रडलो, आणि भाऊंनी तांब्या भरून आणला आणि मी पाणी पिईपर्यंत तो समोर धरून ते उभे राहिले.