सहा आकडे, सहा महिने

३ मार्च, सोमवार
फोन गेला. पोलिसांनी ठेवून घेतला. गेल्या महिन्यात ज्या शिवणकामवाल्या बाईचं सामान हलवलं, तिच्या नवऱ्याची तक्रार — कपाट आणि शिलाई मशीन चोरलं म्हणे, टेम्पोवाला सामील! बावीस वर्षं लोकांचे संसार उचलतोय, कुणाचा चमचा इकडचा तिकडे झाला नाही.
साहेब म्हणाले, "फोनचा कोड सांगा." नाही म्हटलं. तिचा नवा पत्ता मेसेजमध्ये आहे. त्या नवऱ्याने तिचा हात मोडलाय. मशीन उचलताना तिला डाव्या हाताने काही धरता येत नव्हतं. "दादा, पत्ता कुणाला कळता कामा नये." निर्धास्त राहा, म्हणालो होतो.

४ मार्च
वकीलबाईंनी समजावलं. चोरी सिद्ध होवो न होवो, कोर्टाने सांगूनही कोड दिला नाही तर तो वेगळा गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद. चोरी न करता तुरुंग — आधी हसूच आलं. मग घरी येईपर्यंत बोटांवर महिने मोजले — सप्टेंबर.

५ मार्च
बायको दिवसभरात एकदाच बोलली. "हात दाखवून अवलक्षण करायची हौसच तुम्हाला. ती कोण कुठली. आणि माझं काय?"


११ मार्च
उद्या सुनावणी. वकीलबाईंनी तोडगा काढलाय. पोलीस फक्त मी काढलेले सामानाचे फोटो बघणार, मेसेजना हात लावणार नाहीत. तसं लेखी. "सामान तिनेच हलवून घेतलं हे दिसेल, तुम्ही सुटाल."
पटलं. खरं लिहायचं तर पटवून घेतलं. भीती वाटते तुरुंगाची. गुडघे हे असे, फरशीवर झोपायचं म्हणजे…

१२ मार्च
कोड दिला. सहा आकडे, दोन सेकंद. घरी पोटभर जेवलो. बायको कितीतरी दिवसांनी हसली.

१४ मार्च, शुक्रवार
दाढी करता करता आठवलं. आमच्या धंद्याची रीत — सामान लावून झालं की शेवटचा फोटो दाराबाहेरून काढायचा. उद्या कुणी ओरखडा पाडला म्हणू नये. तिच्याकडेही काढला. इमारतीचं नाव, घराचा नंबर, आत कपाट. सगळं नीट यावं म्हणून मीच दोन पावलं मागे सरकलो होतो. गाढव मी, गाढव.
अर्ध्या दाढीने ठाण्यात गेलो. साहेब चहा पीत होते. "फोटो ना? फिर्यादीला परवाच दाखवले. सामान ओळखायला नको?"
तसाच टेम्पो तिच्या घराकडे काढला. दाराला कुलूप. ती कुठे गेली, शेजाऱ्यांनाही माहीत नाही. दाराखालून चिठ्ठी सरकवली — ताबडतोब फोन करा. बायकोचा नंबर लिहिला.

१५ मार्च
सकाळी चिठ्ठी वाचून तिचा फोन आला. नवरा काल रात्री दाराशी आला होता, शेजाऱ्यांनी तिला सांगितलं. ही मैत्रिणीकडे होती म्हणून वाचली. "दादा, पुन्हा हलवायचंय, आजच. कुणी फोडला पत्ता, देव जाणे. आता तुमच्याशिवाय कुणावर विश्वास नाही माझा."
येतो म्हणालो. एवढंच म्हणालो.