पितृपक्षातला ब्रेड

२७ सप्टेंबर, बुधवार
डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि बोट सगळीकडून बघितलं. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट. जुलैत नवी चप्पल लागली होती, जखम अजून भरत नाही. आता कड काळी पडायला लागलीये. "पंडितजी, शुगर नीचे नहीं आयी तो उंगली निकालनी पडेगी." अमावस्या झाली की सोमवारी, १६ ला, पुन्हा बघणार. तोवर पाणी लावायचं नाही. भात, पोळी, बटाटा, गोड, सगळं बंद.
म्हटलं, परवापासून पितृपक्ष आहे. म्हणाले, "तो क्या?"
तो काय! पितृपक्षात जेवणं हाच माझा धंदा. लोकांचे बाप-आजे माझ्या तोंडानं जेवतात. आणि श्राद्धाला जेवणारा ब्राह्मण अव्यंग लागतो, बोट तुटलेला चालत नाही. म्हणजे जेवलो तर बोट जाणार, आणि बोट गेलं की जेवण जाणार. वा रे वा.

२८ सप्टें., गुरुवार
मेधाचं पार्सल आलं ग्वाल्हेरहून. लो-कार्ब ब्रेड, दोन पाकिटं. लेक माझी बँकेत आहे, पण फोनवर हेडमास्तरीण होते. डॉक्टरांशी परस्पर बोलून घेतलंय तिनं, गोळ्यांचंही विचारलंय. "बाबा, नीट ऐका. यात कार्ब कमी आहे, नाही असं नाही. दोन वेळांना दोन-दोन स्लाइस. पोळीच्या जागी. आणि आधी साखर मोजायची, दोन तासांनी परत मोजायची, म्हणजे तुमच्या अंगाला मानवतो का ते कळेल."
पाकिटावर वाचलं: गव्हातलं ग्लुटेन, जवस, बदामाचं पीठ, यीस्ट. शेवटचा शब्द बायकोनं, कुसुमनंही वाचला.
"पितृपक्षात माझ्या ओट्यावर पाव येणार नाही."
औषध आहे, म्हटलं. "मग औषधाच्या कपाटात ठेवा." फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं, तिथेही नाही. शेवटी ब्रेड शेजारच्या गुप्ताजींच्या फ्रिजमध्ये राहायला गेला. गुप्ताइन हसून हसून बेजार. हसा.
कु. ला तरी काय बोलू? श्राद्धाच्या घरात आंबवलेला पाव आणू नका, हे सगळ्या यजमानांना मीच तर सांगत आलोय.

२९ सप्टें., शुक्रवार. पौर्णिमा
आज कुणाकडे नव्हतं. दोन स्लाइस, पनीर, भेंडी. ब्रेडची चव पोत्यासारखी. पण भाजला की बरा लागतो. भाजायला कु. नं जुना तवा दिला आणि तो मी अंगणात स्टोव्हवर ठेवायचा, असं ठरलं.
साखर आधी १८०. दोन तासांनी १९२. फक्त!
मेधाला लगेच फोन केला. तीही खूश. रात्री पुन्हा तेच खाल्लं. आज वाटतंय, वाचेल बोट.

१ ऑक्टोबर, रविवार. तृतीया
खंडेराव गेट. झाशीत आता मराठी पद्धतीनं श्राद्ध करणारा मी एकटाच. दुसरे गुरुजी होते, ते मुलाकडे नागपूरला गेले. म्हणून मंत्र सांगणारा मी आणि नंतर पाटावर बसून जेवणाराही मीच.
आधी पाय धुणं. यजमान ब्राह्मणाचे पाय धुतो. आणि डॉक्टर म्हणतात पाणी लावू नका! बोटावर पट्टी चिकटवून गेलो होतो, उजवा पाय पुढे केला, डाव्यावर नुसतं शिंपडा म्हटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.
मग जेवण. तेव्हा मौन असतं. अन्न चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, तोंडच उघडायचं नाही. मी पानावर हात आडवा धरला. यजमानानं हाताच्या बाजूनं खीर वाढली. "थोडी और लीजिए पंडितजी, पिताजी को बहुत पसंद थी." आता बापाला आवडायची म्हटल्यावर काय करणार? पानात टाकायचं नसतं. भात, पुरी, वडा, खीर, पुन्हा खीर.
घरी येऊन मोजली. ३१२. कु. नं आकडा बघितला आणि आत निघून गेली.

३ ऑक्टो., मंगळवार. पंचमी
एक युक्ती काढली होती. निघायच्या आधीच गुप्ताजींकडे जाऊन दोन स्लाइस खायचे, म्हणजे पोट भरलेलं राहील, तिकडे कमी जाईल. श्राद्धाचा ब्राह्मण उपाशी पाहिजे, हे माहीत असून खाल्ले. गुप्ताजींच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, चोरासारखे. लाज वाटली.
आणि उपयोग काय झाला? यजमानानं वाढायचं ते वाढलंच. मी संपवायचं ते संपवलंच. ३३८.
मे. फोनवर कडाडली. "बाबा, पोळीच्या जागी म्हटलं होतं! पोळीच्या आधी नाही. तुम्ही दोन्ही खाल्लंत तर तो ब्रेड काय जादू करणार आहे?" बरोबर आहे तिचं. पण मी चिडलो आणि फोन ठेवला. कु. नं मग तिला परत लावला. आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून.

४ ऑक्टो.
पट्टी बदलायला गेलो. कंपाउंडर म्हणाला, "गीला किया है क्या?" नाही म्हणालो. धडधडीत खोटं.

५ ऑक्टो., गुरुवार. सप्तमी
आजच्या यजमानाला काल रात्रीच फोन केला होता. म्हटलं, चटश्राद्ध करू. दर्भाचा ब्राह्मण करून पाटावर बसवायचा, शास्त्राला चालतं, मी नुसते मंत्र सांगेन. वाटलं होतं, नाराज होईल.
"अरे वाह, फिर तो जल्दी निपट जाएगा!"
इतकं सोपं होतं? इतकी वर्षं मी यांच्याकडे पोट फुटेस्तोवर जेवलो आणि माझ्या जागी मूठभर गवत चालत होतं! बोट वाचवायचंय, आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. जीव खट्टू झाला.
दुपारी घरी दोन स्लाइस, कारल्याची भाजी, ताक. साखर १७६. म्हणजे ब्रेडचा दोष नाहीच.

६ ऑक्टो., शुक्रवार
इंदूकाकूंना फोन केला. परवा दशमी, काकांची तिथी. ऐंशीच्या पुढच्या आहेत, ओरछा गेटला एकट्या असतात. नवरा माझ्या वडिलांचा जिवलग मित्र. मला अजून अरे-तुरे करतात. चटश्राद्धाचं सुचवलं.
"दर्भाची काडी जेवते का रे विनायका?"
शास्त्रात आहे, काकू.
"असू दे. हे गवत खाणारे नव्हते. तू यायचंस आणि जेवायचंस. काय झालंय तुला?"
काही नाही म्हटलं. बोटाचं सांगितलं असतं तर तिथेच बाद झालो असतो. सांगायला पाहिजे होतं.

७ ऑक्टो. अविधवा नवमी
कु. सवाष्ण म्हणून जेवायला गेली. मी अंगणात तवा घेऊन. ती परत आली ती पुरणपोळीचा वास घेऊन. म्हणाली, "घास उतरत नव्हता." एवढंच. मग माझ्या हातातून उलथनं घेतलं आणि दुसरा स्लाइस तिनं भाजला.

८ ऑक्टो., रविवार. दशमी
काकूंचा मुलगा सुधीर भोपाळहून आला होता. पाटावर बसलो. तो तांब्या घेऊन पुढे. नेहमीसारखा उजवा पाय पुढे केला. काकू दारात खुर्चीवर.
"डावा दे."
नुसतं शिंपड म्हणालो सुधीरला.
"विनायका, डावा पाय पुढे कर. अर्धवट नको मला यांचं काही."
केला. सुधीर बिचारा भक्तिभावानं चोळायला लागला, पट्टी ओली होऊन निघाली. "अम्मा, इनका पैर देखिए..."
काकू काठी टेकत आल्या, वाकल्या. मग म्हणाल्या, "कधीपासून?" जुलैपासून, म्हटलं. "आणि घरोघर पाणी घालून घेत होतास यावर? मला का नाही सांगितलंस?"
सांगितलं असतं तर बसवलं असतंत मला?
"नसतंच बसवलं!"
असं तोंडावर. मला रागही आला आणि बरंही वाटलं. मी उठायला लागलो तर काठी आडवी. "बस. स्वयंपाक झालाय. आता कुठून आणू मी दुसरा ब्राह्मण? काय चालतं तुला?"
पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन स्लाइस होते, घरी जाऊन खाईन म्हणून घेतलेले. काढून दिले. काकूंनी चिमटीत धरले, पाल उचलावी तसे. यात काय आहे? गहू, जवस, बदाम, म्हटलं. "मग नुसत्या नावाला पाव झाला की." यीस्ट आहे, काकू. मी तरी खरं सांगितलं.
"ते मी ऐकलं नाही."
आणि स्वतः आत गेल्या. श्राद्धाच्या तव्यावर, तुपात, सोवळ्यात भाजले. सुधीरच्या बायकोला हात लावू दिला नाही. पुरीच्या जागी पानात ते दोन स्लाइस ठेवले, शेजारी गवार, भोपळा, आमसुलाची चटणी, एक वडा. भात चार शितं. खीर बोटभर, नावाला.
मौन होतं ते बरं झालं. नाहीतर बोलताना रडलोच असतो.
शेवटी यजमानानं विचारायचं असतं, तृप्त झालात का? सुधीरला मी शिकवलं, त्यानं विचारलं. "तृप्त झालो." मोठ्यानं म्हणालो, काकूंना ऐकू जायला हवं.
साखर २०१.

९ ऑक्टो.
सकाळी कु. ला सगळं सांगितलं. ती तशीच उठून गेली. थोड्या वेळानं गुप्ताजींकडून पाकीट हातात घेऊन आली आणि दुधाशेजारी ठेवलं. म्हणाली, "इंदूकाकूंच्या तव्यावर चालतो तर माझ्या फ्रिजनं काय घोडं मारलंय?" मग रडली. बोट गेलं तर, या विषयावर आम्ही आज पहिल्यांदा बोललो. पुरतं नाही.

१२ ऑक्टो., गुरुवार
बातमी फुटली. फुटणारच. दोघांचे फोन आले. "पंडितजी आप आराम कीजिए, हमने दूसरे पंडितजी से बात कर ली है." दुसरे म्हणजे हिंदी पद्धतीचे, दहा बोटांचे. मी बरं म्हटलं. मग कु. वर उगाच खेकसलो.
आणि खंडेराव गेटवाला, तोच खीरवाला, तो म्हणाला अमावस्येला आजोबांचं करायचंय, आप अपनी ब्रेड लेते आइएगा. आता याला काय म्हणावं!

१४ ऑक्टो. सर्वपित्री
खंडेराव गेटला जाऊन आलो. पाय धुताना त्यानं स्वतःच फक्त उजवा धुतला. पानात माझेच स्लाइस. मौनाच्या आधीच सांगून टाकलं, खीर बोटभर. आधी सांगायचं, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. १८८.
आमच्या घरचंही केलं, वडिलांचं. चट मांडला. त्यांनी आयुष्यात ब्रेडला हात लावला नसता, म्हणून त्यांच्या पानावर पुऱ्याच.

१५ ऑक्टो., रविवार
घट बसले. सकाळची साखर १५८, या महिन्यातली सगळ्यात कमी. पट्टी सोडून बघितलं. कु. म्हणते, एका बाजूनं गुलाबी दिसतंय. मला चष्मा लावूनही काळंच दिसतं. मे. म्हणते फोटो पाठवा. पाठवला. अजून उत्तर नाही, म्हणजे तिलाही कळत नसेल.
उद्या डॉक्टर. तिथे रांग मोठी असते म्हणून कु. नं डब्यात दोन स्लाइस आणि पनीर भरून ठेवलंय.
संध्याकाळी इंदूकाकूंचा फोन. "पुढच्या वर्षीच्या दशमीला तूच यायचंस."
म्हटलं, काकू, उद्या काय होतं कुणास ठाऊक. बोट गेलं तर मी शास्त्रात बसत नाही.
"आणि तो ब्रेड कुठल्या शास्त्रात बसत होता?" फोन ठेवूनही दिला.
पुढच्या वर्षीचं पंचांग अजून घरात नाही. इथेच लिहून ठेवतो: भाद्रपद वद्य दशमी, इंदूकाकू. पेन्सिलीनं.