पंच्याहत्तरच्या खाली

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.५०

आमच्या वरिष्ठ मॅडमनी मीटिंग घेतली. विषय एकच. वाहन परवाना खात्याचं आपलं मेनफ्रेम मशीन. सगळ्या परवाना कचेऱ्यांच्या खिडक्या या एका मशीनवर चालतात. अकरा ते एक त्याचा प्रोसेसर नव्वद टक्के भरलेला असतो. इथे ते दमलं की तिथे रांग वाढते. महिनाअखेर आकडा पंच्याहत्तरच्या खाली आला नाही तर काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार आणि आमचा विभाग बंद.

विभाग म्हणजे आम्ही तिघं. डेटाबेस सांभाळणारा मी, चोवीस वर्षांचा अनुभव. परवान्याचे सगळे प्रोग्राम ज्यांनी कोबोल या जुन्या संगणकभाषेत लिहिले त्या कोबोलताई. आणि ऑपरेटरकाका, जे मशीनसमोर बसून दर अर्ध्या तासाला लोडचा आकडा वहीत पेनने लिहितात. काका, तो आकडा आपोआप साठतो, हे मी त्यांना बारा वर्षं सांगतोय. ते हो म्हणतात आणि लिहितात.

मॅडमनी विचारलं, जमेल का. मी म्हणालो, पंधरा दिवस पुष्कळ झाले. कोबोलताईंनी छताकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथे काही नव्हतं.

निश्चय: रोज रोजनिशी लिहायची. कोणाला दाखवायची नाही. यशाची कृती आपल्यापाशीच असलेली बरी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मोजल्याशिवाय इलाज नाही. नऊ वाजता ट्रेस सुरू केला. ट्रेस म्हणजे डेटाबेसने काय केलं, कोणासाठी केलं, किती वेळ घेतला, याची नोंद. नोंद ढोबळ हवी की बारीक, असं स्क्रीन विचारते. मी सगळ्या खुणा केल्या. अर्धवट कामं माझ्या स्वभावात नाहीत. माझ्याच लॉगिनमधून लावला, म्हणजे दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको. शिवाय दर दोन मिनिटांनी रिपोर्ट.

दुपारी १२. प्रोसेसर अठ्ठ्याण्णव. काल नव्वद होता. म्हणजे दुखणं वाटलं त्याहून गंभीर आहे. बरं झालं वेळेत लक्ष घातलं.

५ फेब्रुवारी. संध्याकाळ

सासरे परवान्याच्या नूतनीकरणाला गेले होते. वय चौऱ्याहत्तर, पण गाडी स्वतःच चालवणार. तीन तास उभे राहून परत आले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, सिस्टिम स्लो आहे, उद्या या. सासऱ्यांनी मला विचारलं, जावईबापू, ही सिस्टिम म्हणजे तुम्हीच ना?

मी त्यांना शांतपणे समजावलं. लागणारी माहिती जवळ ठेवली तर डिस्कपर्यंत हेलपाटा पडत नाही. स्वयंपाकघरात जाऊन डबे मांडून दाखवलं. वरच्या फळीवरचा डबा, ओट्यावरचा डबा. ते म्हणाले, मग ठेवा की ओट्यावर, अडलंय कुठे? सामान्य माणसाला या विषयातली खोली कळत नाही.

बायको म्हणाली, डबे होते तसे ठेव.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

इंडेक्स! उत्तर हेच होतं. पुस्तकाच्या मागे सूची असते तशी. सूची असली की सगळं पुस्तक चाळावं लागत नाही. वाहनांच्या टेबलावर एका सकाळीत सहा नवीन इंडेक्स बांधले. कोबोलताई म्हणाल्या, सूची जेवढ्या जास्त, तेवढं प्रत्येक नव्या नोंदीला जास्त ठिकाणी लिहावं लागणार. मी म्हणालो, बघाच तुम्ही.

दुपारी १. शोधणं झकास झालंय. नवीन गाड्यांची नोंदणी मात्र जवळपास थांबली आहे.

दुपारी ३. सहाही इंडेक्स काढले. कारण: निरीक्षण पूर्ण झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कोबोलताई टेबलाशी आल्या. म्हणाल्या, नूतनीकरणाचा माझा जुना प्रोग्राम एका माणसासाठी एकशे चाळीस रकाने ओढून आणतो, एकेक ओळ करत, आणि वापरतो सहा. वीस वर्षांपूर्वी मीच लिहिलाय, चूक माझीच. दुरुस्त करते. फक्त चाचणीचा डेटाबेस दोन दिवस द्या.

वीस वर्षांपूर्वीची स्वतःची चूक माणूस एवढ्या सहज कशी सांगतो? मला तर कालचीही आठवत नाही. नाही म्हणालो. चाचणीच्या डेटाबेसवरही माझा ट्रेस चालू आहे. त्या ठीक आहे म्हणाल्या आणि गेल्या. दुखावल्या असाव्यात. मोठ्या कामात असं होतं.

११ फेब्रुवारी

ऑपरेटरकाकांनी विचारलं, तुमचे ते रिपोर्ट गर्दीच्या वेळेपुरते बंद ठेवता येतील का. मी हसलो. म्हणालो, काका, ताप चढला म्हणून कोणी थर्मामीटर काढून टाकतं का? ते म्हणाले, थर्मामीटर पेशंटचं जेवण खात नाही.

काकांचं वय झालं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २

आज धाडस केलं. डेटाबेसच्या हाताशी असणारी मेमरी चौपट केली. ओट्यावर सगळेच डबे. माहिती भरपूर बसली, पण मशीनच्या बाकी कामांना जागा उरली नाही. १०.४० ते ११.३०, मेमरी पूर्ववत करेपर्यंत, पन्नास मिनिटं सगळं ठप्प. मॅडमचा फोन चारदा आला. तिसऱ्यांदा मी उचलला.

मॅडमना लेखी कळवलं की ती नियोजित विश्रांती होती. त्यांनी लेखी विचारलं की नियोजन कुठे आहे. ते करतोय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. घरात लक्ष घातलं. सकाळी सगळ्यांची गडबड का होते, हे शास्त्रीय पद्धतीने शोधायचं ठरवलं. फ्रिजवर कागद लावला. कोण, काय काढलं, किती वाजता काढलं, किती वाजता ठेवलं. शेजारी दोरीला पेन.

अकरा वाजता बायको म्हणाली, कागद लागल्यापासून फ्रिजसमोर रांग लागतेय. सासऱ्यांनी तर काल प्यायलेलं पाणीही लिहून काढलं, मागची बाकी नको म्हणून. कागद काढावा लागला. या घरात मोजमापाची संस्कृती नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ

आज सासऱ्यांनी मला बरोबर नेलं. त्यांची चौथी खेप. मी म्हणालो, माझं तिथे काय काम. ते म्हणाले, काम नाही, सोबत चला.

हॉलमध्ये चार खिडक्या, दोन चालू. रांग दाराबाहेर पायऱ्यांवर, उन्हात. आमच्यापुढे एक ट्रक ड्रायव्हर. त्याचा परवाना आठ दिवसांपूर्वी संपलाय. मालकाने गाडीची किल्ली काढून घेतलीये. तो रोज येतो, रोज एक वाजतो. कोणावर चिडला नव्हता. चिडून झालं असावं.

खिडकीवरच्या बाईंनी नंबर टाकला, बटण दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या. मी मनगटावरच्या घड्याळात मोजलं. बेचाळीस सेकंद. मग पुढचं बटण. पुन्हा हात मांडीवर. एका माणसासाठी अशी सात बटणं. त्यांना आता सवय झालीये, त्या बेचाळीस सेकंदांत त्या समोरच्याकडे मुलांची चौकशी करतात. सातव्या बटणापर्यंत नातवंडं येतात.

आमचा नंबर आला तेव्हा सासऱ्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, हे माझे जावई, मशीन यांचंच आहे. हॉल वळला. मी फॉर्म वाचत असल्याचं दाखवलं. खिडकीवरच्या बाई मात्र एकदम सरळ बसल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, साहेब, बरं झालं भेटलात, माझं काही चुकतंय का? बटण जोरात दाबू का हळू?

मी म्हणालो, तुमचं काही चुकत नाही.

एवढंच बोललो. चोवीस वर्षांत मी हा हॉल पाहिलेला नव्हता. एक वाजला. खिडकी बंद झाली. ट्रक ड्रायव्हर आमच्या मागून पायऱ्या उतरला. सासऱ्यांनी रस्त्यात मला उसाचा रस पाजला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी

उन्हाने म्हणा, कशाने म्हणा, ताप. एकशे दोन. तीन दिवस रजा. फोनवर सगळ्यांना बजावलं, माझ्या मागे कशालाही हात लावू नका, सगळं नाजूक अवस्थेत आहे. बायकोने फोन काढून घेतला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९.१५

आल्या आल्या आकडा पाहिला. काल गर्दीच्या वेळेचा आकडा: त्र्याहत्तर! पंच्याहत्तरच्या खाली! सात दिवस राखून!

माझे बदल मुरायला वेळ लागला, बस. औषधाचं असंच असतं. मॅडमना आणि थेट संचालकांना ईमेल केली, आधीच लिहून ठेवलेला चौदा पानी अहवाल जोडून. संचालकांचं दहा मिनिटांत उत्तर. मंगळवारी सगळ्यांसमोर सादरीकरण करा. घरी फोन केला. बायको म्हणाली, गोळी घेतली का?

९.२०. डेटाबेसवर लॉगिन केलं. ट्रेस बंद पडला होता, माझं लॉगिन नव्हतं म्हणून. ताबडतोब सुरू केला. असं यश मोजायचं राहून गेलं तर काय उपयोग.

११.३०. एकोणनव्वद. कोणीतरी काहीतरी केलंय.

दुपारी २

कोणी केलं ते कळलं.

ऑपरेटरकाका वही घेऊन आले. बोट ठेवून दाखवलं. सतरा तारखेला अठ्ठ्याण्णव. अठराला मी रजेवर, नव्वद. एकोणीसला नव्वद. वीसला त्र्याहत्तर. आज नऊपर्यंत उत्तम, साडेनऊपासून चढत. म्हणाले, साहेब, राग मानू नका, तुम्ही आजारी पडलात की मशीन बरं होतं.

मी म्हणालो, योगायोग. काका गेल्यावर दार लावून ट्रेस बंद केला. त्र्याहत्तर. सुरू केला, एकोणनव्वद. बंद, त्र्याहत्तर. सहा वेळा करून पाहिलं. सातव्यांदा बंद केला आणि बंदच ठेवला.

पण नव्वदचे त्र्याहत्तर कसे झाले? तेही टेबलावरच होतं, माझ्या अहवालाच्या कागदांखाली. कोबोलताईंची चिठ्ठी. चाचणीचा डेटाबेस मोकळा दिसला म्हणून वापरला. प्रोग्राम बदलला, मॅडमची परवानगी घेतली आहे. नूतनीकरणाची स्क्रीन आता चार सेकंदांत येते. तब्येतीला जपा.

चौदा पानी अहवाल. संचालकांना. माझ्या एकट्याच्या सहीने.

२३ फेब्रुवारी, रविवार

निश्चय: मंगळवारी सगळं खरं सांगायचं.

दुपारी. खरं सांगायचं, पण कुठे? पहिल्याच स्लाइडवर सांगितलं तर लोक पुढचं ऐकणार नाहीत. एकोणिसाव्या स्लाइडवर ‘इतर सहकार्य’ असं शीर्षक घातलं.

संध्याकाळी. बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, एकोणिसावी पहिली कर. मी म्हणालो, तुला सादरीकरणातलं कळत नाही. ती म्हणाली, तुला कळतं ना, मग कर.

केली नाही. सतराव्या जागी आणली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

झालं ते असं. संचालक मध्यभागी, शेजारी मॅडम, मागच्या रांगेत कोबोलताई आणि काका. पहिली स्लाइड, माझं नाव. दुसरी, ‘समग्र दृष्टिकोन’. संचालकांनी हात वर केला. म्हणाले, वेळ कमी आहे, एका वाक्यात सांगा, आकडा खाली यावा म्हणून तुम्ही नेमकं काय केलंत?

मला सतरावी स्लाइड आठवेना. मला त्या बाईंचे मांडीवर ठेवलेले हात आठवले. तोंडून निघून गेलं, मी आजारी पडलो.

सगळे हसले. संचालकांना वाटलं विनोद आहे. मग मी सांगितलं, विनोद नाही. ट्रेस सांगितला, इंडेक्स सांगितले, पन्नास मिनिटं सांगितली. चाचणीचा डेटाबेस नाकारला तेही सांगितलं. हे सगळं स्लाइडशिवाय. आवाज मधेच चिरका झाला. शेवटी म्हणालो, प्रोग्राम कोबोलताईंनी दुरुस्त केला आणि मी कुठे चुकतोय ते काकांनी ओळखलं. अहवाल मागे घेतो.

हसणं थांबलं होतं. संचालकांनी कोबोलताईंना पुढे बोलावलं. त्यांनी चार मिनिटांत सगळं सांगितलं, फळ्यावर दोन रेघा मारून. विभाग राहणार का, असं मॅडमनी विचारलं. संचालक म्हणाले, हे दोघं आहेत तोवर राहील.

दोघं. मी मोजलं.

बाहेर आल्यावर कोबोलताई म्हणाल्या, घसा बसलाय तुमचा अजून. काकांनी पाणी आणून दिलं. मला या दोघांचा राग यावा अशी फार इच्छा होती, पण जमलं नाही.

२७ फेब्रुवारी

सासऱ्यांचा परवाना झाला. आत जाऊन बाहेर यायला अकरा मिनिटं. तक्रार एकच, बाईंनी काही चौकशीच केली नाही. ट्रक ड्रायव्हरचं विचारलं. त्यांना दिसला नाही. म्हणजे त्याचं काम झालं असावं, असं मी धरून चालतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४

महिनाअखेर. आकडा बहात्तर.

संचालकांचं अभिनंदनाचं पत्र सूचनाफलकावर लागलं. पहिल्या परिच्छेदात कोबोलताई. दुसऱ्यात काका आणि त्यांची वही. तिसरा परिच्छेद माझा आहे: ‘डेटाबेस अधिकाऱ्यांच्या अनुपस्थितीत ही कामगिरी पार पडली, याची विशेष नोंद घेण्यात येत आहे.’ दोनदा वाचला. वाईट नाही. विशेष नोंद म्हटलंय.

४.३०. मॅडमकडून पाकीट आलं. मार्चमधली माझी आठ दिवसांची रजा मंजूर झाली आहे.

मी अर्ज केलेला नव्हता.