नाल्याकडच्या खोलीतला एसी

मयूर विहार, दिल्ली
२ जून

सौ. अलकनंदावहिनींना प्रभाचा वाकून नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तरी वाकले समजा.) दादांचा खोकला कसा आहे? इथं सगळे ठीक, मी तेवढी दमलेय.

काय सांगू वहिनी, जयदीप-रेवतीच्या खोलीतला एसी बंद पडला. बाहेर सेहेचाळीस डिग्री, लू अशी की वाळत घातलेल्या साडीचा पाच मिनिटांत पापड. मिस्त्री आला, टॉर्च मारून म्हणाला, "अम्मा, नाले की गैस पाइप खा गई." मागच्या नाल्याच्या वाफेनं म्हणे तांब्याची नळी सडते नि आतला गॅस उडून जातो. मी म्हटलं, मेल्या, मला विचारलं असतंस तर! माझं देवाचं ताम्हन चिंचेनं घासलं की तिसऱ्या दिवशी पुन्हा तव्यासारखं काळं. पण चौथी शिकलेल्या बाईला विचारतो कोण?

आता चालू एसी एकच, रस्त्याकडचा, माझ्या खोलीतला. (त्याच्या जाळीतून दर रविवारी मूठभर धूळ निघते, ती मीच धुते.) तेव्हा सगळं बिऱ्हाड माझ्याकडे. जयदीप अठरावर लावतो, रेवती चोविसावर नेते, मी कानटोपी घालून दोघांकडे बघते. जयदीप घोरतो, थेट त्याच्या बाबांसारखा. तनया बारा वर्षांची घोडी, पाय माझ्या पोटावर, वर म्हणते, "आजी, सरक ना यार!" आजीला यार! मग तुमच्या लहानपणी एसी नव्हता तर काय करायचात, आजोबा रागावायचे का, एकेक विचारत बसते. परवा तर 'उंबरा' म्हणजे काय तेही सांगावं लागलं. बोलून बोलून घसा बसलाय, झोप पुरत नाही, जीव अगदी मेटाकुटीला आलाय हो.

दादांना नमस्कार सांगा, तब्येतीला जपा.

तुमची नणंद,
प्रभा

ता. क. मिस्त्रीनं नळीचे फार पैसे सांगितले, नि तुमचा सुधन्वा फरीदाबादेत एसीच्याच कारखान्यात, म्हणून जयदीपनं त्याला वीस तारखेला नळी बदलायला बोलावलंय.

आणखी ता. क. त्याला येऊ देऊ नका. साताऱ्याला बोलावून घ्या, हवं तर थोड्या आजारी पडा. फोनवर हे बोलता येत नाही, तिघंही इथंच असतात. त्यांचा एसी सुरू झाला की त्यांच्या खोलीचं दार लागणार, नि मला जेवायच्या वेळेपुरती माणसं दिसणार. पाऊस लागला की खुशाल पाठवा त्याला. यंदा इकडे पाऊस उशिरा आहे म्हणतात, तेवढंच बरं.