सुजेवरचा व्हिडिओ

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा व्हिडिओ! या वेळी सुजेवर, चाळीस मिनिटांचा. गौरी मॅडमना नवं वेड लागलंय — धडा घरी मोबाइलवर बघायचा, वर्गात फक्त पेशंटच्या केस सोडवायच्या. मग मेडिकल कॉलेजात जायचं कशाला? पूर्ण बघितल्याची हिरवी खूण नसेल तर वर्गाबाहेर.

मी व्हिडिओ चालू केला, मोबाइल ओट्यावर ठेवला आणि कपडे धुवायला गेले. खूण आली! आई तिथेच साडीला खडे चिकटवत बसली होती. म्हणे, तुझ्या मॅडम हिंदीत छान समजावतात.

५ फेब्रुवारी

पप्पा मिलमधून आले की आई रोज त्यांचे पाय दाबते. आज मला हाक मारली. "यासना पायले बोट दाबं का खड्डाच ऱ्हास व. तुनी मॅडम सांगे तसाच."

मी वैतागले. म्हटलं, राहिला खड्डा तर राहिला, बारा तास उभं राहिल्यावर पाय सुजणारच, तू नको डॉक्टरकी करूस! पप्पा हसले. आई पुन्हा पाय दाबायला लागली.

८ फेब्रुवारी

उद्या सुजेचा वर्ग. व्हिडिओ बघायला हवा. कंटाळा!

९ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी नेमकं मलाच उठवलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पायावर बोटाचा खड्डा राहतो, सकाळी डोळे सुजलेले. पुढे काय विचाराल?

मला पप्पांचे सकाळचे डोळे आठवले. झोप पुरत नाही म्हणून सुजतात, असं आम्ही म्हणायचो. मॅडमनी विचारलं, व्हिडिओ बघितला नाही का? मी म्हटलं, मी नाही, माझ्या आईने बघितला. सगळे हसले. मी दप्तर तिथेच टाकून निघाले.

रिक्षात व्हिडिओ बघत थेट पांडेसरा, पप्पांच्या मिलवर. गेटवर पप्पांना बोलावलं, बाकड्यावर बसवलं, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला. लघवीला फेस येतो का, विचारलं. बापाला असं विचारताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाले, महिना झाला, येतोय.

११ फेब्रुवारी

पप्पा भरती आहेत. किडनीचा आजार. किती बरं होईल, आताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, घरात पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली.

"हमारी पोरीने पैचाना, साब. डॉक्टर बन रही ना वो."