बिनक्लचची गाडी

केनवड, ता. रिसोड
९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय उज्ज्वलाताईस,
धाकट्या संघदीपचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, घरचे सगळे जिवंत आहेत. फोन का करत नाही ते तुला माहीत आहे. एप्रिलात लकव्याचा झटका आला, त्यात डावा पाय तर गेलाच, जीभही जड झाली. मागे फोनवर मी तब्येत बरी आहे एवढंच म्हणालो, तर भाऊजींनी तुला विचारलं, की हा सकाळीच घेऊन बसला का. नशिबानं दोन्ही हात शाबूत आहेत. जिभेची धार आता पेनाला लावली आहे. तुझ्या वाट्याला कमी येणार नाही, काळजी नसावी.

तुम्ही नागपूरहून पाठवलेली पिकअप पोचली. भाऊजींचे साहेब तिच्यात कुत्रं फिरवायचे म्हणे. आता तिच्यातून आपल्या बिछायत केंद्राचे, लग्नांना भाड्यानं द्यायचे गंज, पराती, सतरंज्या आणि खुर्च्या फिरतात. गाडीला आपली बदली गडचिरोलीला झाल्यासारखं वाटत असणार. पण क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही; मला याहून चांगली गाडी कोणती? चालवू का म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. रूपाच्या मते ते नाहीच म्हणाले. बायका नवऱ्याच्या डॉक्टरांचं न बोललेलंही ऐकतात.

गाडी पाहायला अर्धं केनवड जमलं. गिअर आपोआप पडतात हे कुणाला पटेना. एकानं तर खाली वाकून पाहिलं, आत कुणी बसलंय का. दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरली तेव्हा धक्का द्यायला आठ जण बाह्या सरसावून आले, आणि मला सांगावं लागलं, की भाऊ, ही धक्क्यानं चालू होत नाही. मंडळी नाराज होऊन गेली. ज्याच्या गाडीला धक्का चालत नाही, त्याला माज आला असंच आपल्याकडे धरतात.

आता तक्रार. ही गाडी झटके देते. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. जिथं मी जुन्या गाडीत गिअर टाकला असता, बरोबर तिथंच असा झटका, की छाती स्टिअरिंगला लागावी. आणि दर झटक्याला मागे पराती आणि गंज एकमेकांवर पडून असा आवाज करतात, की रस्त्यावरचे लोक वरात समजून बाजूला होतात. साहेबांना विचार, कुत्रं बसलेलं असताना ही अशीच वागायची का?

बाकी ठीक. डाव्या पायात चप्पल राहत नाही. चिमटा काढला तरी त्या पायाला कळत नाही, तर चप्पल गेल्याचं काय कळणार! रूपानं चपलेला मागून रबरी पट्टा लावून दिला आहे, बालवाडीतल्या पोराला लावतात तसा.

लोभ आहे तेवढा राहू दे, चढवू नकोस, उतरवूही नकोस.
तुझा,
संघदीप


नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. संघदीपला जय भीम आणि अ. उ. आ.

तुझं पत्र भाऊजींना वाचून दाखवलं. कुत्र्यापर्यंत ते हसत होते, झटक्यांचं मात्र पुन्हा वाचायला लावलं. साहेबांना विचारलंसुद्धा. ते शपथेवर सांगतात, की गाडीनं कधी झटका दिला नाही. कुत्रं मागच्या सीटवर झोपायचं आणि घर आल्यावर त्याला उठवावं लागायचं. म्हणजे दोष गाडीत नाही. मग कुणात, ते मी लिहीत नाही. तू मोठा शहाणा आहेस.

तू गाडी कशी चालवायचास ते मला ठाऊक आहे. पंचवीस वर्षं तुझा पाय क्लचवरून उठला नाही. दर वर्षी क्लच जळायचा आणि दर वर्षी तू कंपनीला शिव्या द्यायचास. भाऊजी म्हणायचे, संघूला क्लच म्हणजे पाय ठेवायचा पाट वाटतो.

रूपाशी बोलणं झालं. पायाचा व्यायाम करून घ्यायला रिसोडची मुलगी यायची, तिला तू दारातूनच परत पाठवलंस म्हणे. कायले? तिनं तुझं काय घोडं मारलं होतं? रूपा दिवसभर खुर्च्या मोजते, संध्याकाळी तुझा पाय चोळते, आणि तू तिला म्हणतोस की मेलेल्याला तेल लावून उपयोग नाही. असलं बोलणं कागदावर शोभतं, घरात नाही.

एक नीट ऐक. झटका गाडीचा असो की तुझा, मला दुसरा नको. मोठ्या रस्त्यावर पुन्हा तसं झालं, तर गाडी देऊन टाकायची. शेलूबाजारचे प्रेमसिंगभाऊ कधीपासून मागत आहेत. गाडी मी शोधली, म्हणून ती परत घ्यायचा हक्कही माझाच.

माया आहे म्हणून रागावते, एवढं समजून घे.
तुझी ताई,
उज्ज्वला


केनवड
२७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि दोन दिवस उजव्या बाजूलाही मुंग्या आल्या.

झटक्याचा तपास मी सोडलेला नाही. रिसोड-मालेगावच्या पिकअपवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात विचारलं. शंभर मालक आणि एकशे एक मतं. एकानं लिहिलं, की आपल्या जुन्या गाडीचं बॉनेट पाच वर्षांत उघडलं नाही, गाडी असावी तर अशी. त्याचाच पुढचा निरोप, की मालेगावजवळ बंद पडलो आहे, ओढून न्यायला कोणी आहे का. दुसऱ्याचं म्हणणं, गिअरचं तेल बदल. तिसऱ्याचं म्हणणं, ही नागपुरात वाढलेली, हिला आपले रस्ते पाहून धसका बसतो. प्रेमसिंगभाऊंनी सांगितलं, की आपोआप चालणारा गिअर म्हणजे घरजावई. काम करते, पण कवा करन ते सासऱ्याले इचारत नाई. आणि एवढं सांगून त्यांनी खाली लिहिलं, की द्यायची असली तर मलेच द्या.

शेवटी रिसोडला मुन्ना मिस्त्रीकडे नेली. त्यानं तिला लॅपटॉप जोडला. लॅपटॉप म्हणतो, गाडी निरोगी आहे. मुन्नानं स्वतः नाक्यापर्यंत नेऊन आणली, मी बाजूला बसलो. एक झटका नाही! झोळीतल्या लेकरासारखी हलकी हलकी गेली. परत मी बसलो, की शंभर पावलांत पराती वाजल्या. मुन्ना बराच वेळ डोकं खाजवत राहिला आणि भीत भीत म्हणाला, की भाऊ, गाडी मालकाचा स्वभाव घेते. त्याला मी काय म्हणालो ते जीभ जड असल्यामुळे त्याला कळलं नाही.

शेलूबाजारच्या वळणावर एकदा जरा जोरात बसला. मागच्या जीपवाल्यानं खाली उतरून माझ्या खानदानाची चौकशी केली, एवढंच. त्यात माझ्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला. नंतर चप्पल थेट ब्रेकच्या पेडलखाली सापडली. रूपा म्हणते, चप्पल तिकडं गेलीच कशी. आता झटका एवढा, की पराती उडतात, तर चप्पल जागेवर बसून राहील का?

व्यायामवाल्या मुलीचं म्हणशील, तर ती चांगली आहे. पण ती रोज पायाला सांगायची उचल, आणि पाय रोज तिचा अपमान करायचा. मला ते बघवेना. मयतीला तरी माणूस किती दिवस बसेल?

राग कमी कर, माया तेवढीच ठेव.
तुझा,
संघदीप


नागपूर
४ डिसेंबर २०२४

चि. संघदीपला जय भीम.

बाकी मायना आज लिहीत नाही.

शेलूबाजारला जीप हातभर अंतरावर थांबली, त्यात शाळेची लेकरं होती, हे मला रूपाकडून कळतं. तू लिहितोस की खानदानाची चौकशी केली, एवढंच. एवढंच?

प्रेमसिंगभाऊंशी माझं बोलणं झालं आहे. ते रविवारी, पंधरा तारखेला, गाडी न्यायला येतील. तोवर चावी रूपाकडे राहील. खुर्च्या पोचवायला भाड्याची गाडी सांगता येते. भाऊ भाड्यानं मिळत नाही.

मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस.
उज्ज्वला


केनवड
९ डिसेंबर २०२४

ताईस जय भीम.

चावी रूपाकडे आहे. तिनं ती कमरेला खोचली आहे आणि चालताना ती वाजते. मला ऐकू जावी म्हणून वाजवते असं नाही, पण मला दुसरं काही ऐकू येत नाही.

तू लिहितेस भाड्याची गाडी सांग. सांगितली. काल तिनं आपला मांडव केनवडात भरला, माझ्या दारावरून नेला, आणि मी ओट्यावर खुर्ची टाकून पाहिला. खुर्चीही आपल्याच बिछायतीची. आयुष्यभर लोकांना बसायला खुर्च्या पुरवल्या, आता मीच पाहुणा. येणारा-जाणारा विचारतो, काय भाऊ, आराम चालू आहे? मी मान हलवतो. बोललो तर त्याला दोनदा विचारावं लागतं, आणि दुसऱ्यांदा तो मोठ्यानं विचारतो, जणू मी बहिरा झालो.

एका जागी बसवत नाही, ताई. उठतो, भिंत धरून फाटकापर्यंत जातो, गाडीला हात लावून परत येतो. दिवसातून कितीदा ते रूपाला विचार. गाडीत बसलो की माझा लंगडेपणा दिसत नाही. काच खाली केली, हात बाहेर टाकला, की मी पहिल्यासारखा संघदीप बिछायतवाला असतो. तेवढ्यासाठी ती मला हवी होती. झटके सोसूनही हवी होती.

लेकरांचं लिहायला पाहिजे होतं. माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी शिरपूरला लग्न आहे, सांगून ठेवलेलं. तेवढी एक खेप मला नेऊ दे. रूपा शेजारी बसेल, वीसच्या वर जाणार नाही, मोठा रस्ता टाळून आतल्या रस्त्यानं जाईन. रविवारी मी स्वतः गाडी धुऊन प्रेमसिंगभाऊंच्या हाती देईन. रूपाला फोन करून हो म्हण. तिच्याशी बोलताना तुझा आवाज जरा मऊ असतो.

संघदीप


केनवड
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय ताईंना रूपाचा सविनय जय भीम.

मले यायच्यासारकं लिवता येत नाई. पन हे लिवाले बसले की कागद फाडून राह्यले, तीन झाले. म्हून मीच लिवते. फोनवर सांगतलं असतं, पन मले बोलता बोलता रडू येते अन् मंग तुमी घाबरता.

शनिवारी तुमी हो म्हनल्या म्हून गेलो. हे हळूच चालवत होते. मी बाजूले, मांडीवर बोराची पिशवी. शिरपूरच्या अलीकडं झटका बसला अन् सारे बोरं खाली सांडले. मी वेचाले वाकली. वाकली तं मले यायचे पाय दिसले. गाडीचा आवाज बदलला, म्हनजे गिअर पडाची येळ झाली, अन् यायचा डावा पाय उठला. होय ताई, तोच. उठला अन् बैलानं लाथ मारावी तसा ब्रेकवर पडला. मंग झटका. पराती वाजल्या.

मी वर आली. वाटलं, आपल्या डोळ्यालेच झालं काही. यायच्या डाव्या गुडघ्यावर हात ठिवून बसली. यायनं इचारलं, की आज लय माया आली काय. मी म्हनलं, चालवा तुमी. पुढचा गिअर आला अन् माह्या हाताखाली गुडघा आधी हालला, झटका मांगून बसला.

मी गाडी बाजूले घ्याले लावली अन् सांगतलं, की झटके गाडी देत नाई, तुमी देता. तुमचा पाय क्लच शोधून राह्यला. यायले पटेना. पायाकडं पाहून त्याले म्हनत, की उचल. पाय काई उचलला नाई. चिमटा काढला, कळला नाई. मंग मी म्हनलं, पायाले नका सांगू, गिअर टाका. गाडी उभीच होती. यायनं डोळे मिटले, डाव्या हातानं गिअर टाकल्यावानी केलं, अन् पाय उठला.

मंग हे हॉर्न वाजवत राह्यले. समोर कोनी नव्हतं.

डॉक्टरले दाखवलं. ते म्हनतात, पाय मेला नव्हता, पन त्याच्यावर हुकूम यायचा चालत नाई, सवयीचा चालते. आता रोज व्यायाम करा, अन् पाय कह्यात येईपर्यंत गाडीले हात लावू नका. या खेपेले चांगलं मोठ्यानं नाई म्हनले. रिसोडच्या पोरीले मी फोन केला. हे सोता तिले फाटकापर्यंत घ्याले गेले.

काल प्रेमसिंगभाऊ आले. त्यायले सारं सांगतलं. ते हासले, मंग डोळे पुसले, मंग इचारलं की गाडी त देता न. मी म्हनलं, नाई. माह्या डाव्या पायाले कोन्तीच सवय नाई, म्हून ही गाडी मीच शिकते. यायचं तोंड तुमी पाहाले पाहिजे होतं.

माया असू द्या, अन् यायले रागावू नका. माह्या वाट्याचं मी रागावली आहो.
तुमची,
रूपा


केनवड
२६ जानेवारी २०२५

आदरणीय ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

आज चौथा कागद आहे आणि हा फाडणार नाही.

रूपा शिकाऊ परवान्यावर गाडी चालवते. चौकातले आठही जण रोज पाहायला उभे असतात, धक्का द्यायची संधी मिळते का म्हणून. अजून मिळालेली नाही. मुन्ना मिस्त्री म्हणतो, गाडी मालकाचा स्वभाव घेते, म्हणून आता शांत चालते. त्याला मी जे म्हणालो, ते या वेळी त्याला पहिल्याच खेपेत कळलं. म्हणजे जीभही सुधारते आहे.

मी तिच्या डाव्या बाजूला बसतो. मला तिथं स्वस्थता नाही. ती वळण मोठं घेते, हॉर्न कमी वाजवते, समोरच्या ट्रकला आधी जाऊ देते. शिकवायला तोंड उघडलं, तर समोर पाहूनच सांगते, की तुमाले दिलं ते काम करा. माझं काम एवढंच, की व्यायाम म्हणून गिअर पडायच्या वेळी डावा पाय दाबायचा. माझ्या बाजूला ना ब्रेक ना क्लच, नुसती रबरी मॅट. ती म्हणते, आता दुसरा. मी दाबतो. आता तिसरा. मी दाबतो. मागे पराती गप्प बसलेल्या असतात.

साहेबांना निरोप दे, की गाडी झटका देत नव्हती, झटका आमच्या घरचा होता. मात्र डाव्या बाजूच्या मॅटला टाचेखाली भोक पडलं आहे, ते त्यांना सांगू नकोस. आणि आम्ही नागपूरला येईपर्यंत जरा चांगली जाड मॅट शोधून ठेव, हीही फार दिवस टिकणार नाही.

लोभ चढता ठेवलास तरी आता चालेल.
तुझा,
संघदीप