भोंगा वाजला नाही

मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी कारखान्यातून वायू सुटला आणि आमच्या ग्रामपंचायतीचा भोंगा वाजलाच नाही. गेल्या महिन्यात तहसिलातून विचारणा आली तेव्हा ग्रामसेवक म्हणून मीच लिहून दिलं होतं, 'भोंगा तपासला, चालू आहे.' खाली सही. तपासला कुठे होता? छतावर चढायचा कंटाळा केला, एवढंच.

गाव वाचवलं ते शेवंताबाईंनी. शाळेत खिचडी शिजवतात त्या. वास येताच तोंडाला ओला पदर बांधून, ताट बडवत घरोघर धावल्या आणि सगळ्यांना तळ्याकडे काढलं. स्वतः मात्र शेवटच्या घराशी कोसळल्या.

दुपारी पोंभुर्ण्याला दवाखान्यात गेलो. बाईंच्या नाकाला नळी, डोळे सुजलेले.

"भाऊ, भोंगा काऊन नाई वाजला?"

"लाइन नव्हती, बाई."

लाइन होती. पंचायतीत पंखा फिरत होता.

"मंग तुमचा का दोष? मले वाटलं, कोणी विसरलं." असं म्हणून त्या माझाच हात थोपटत राहिल्या. मीही तो सोडवून घेतला नाही.

उद्या तहसीलदारांना खरं लिहून देईन. ते जमेल. पण बाईंना कोणत्या तोंडानं सांगू?